रविवारी मी खोलीत नसेन

मेक्सिको सिटी, मंगळवार

प्रिय रोहेलियो,

तुझे सकाळचे चारही आवाजी निरोप ऐकले. पहिल्यात तू म्हणतोस की कुत्र्याला नजरेचा धाक हवा. दुसऱ्यात म्हणतोस की धाक मुळीच नको. तिसऱ्यात तुझ्या ऑफिसातल्या कोणाच्या तरी हुशार कुत्र्याची हकिकत आहे, आणि चौथा बहुधा चुकून आला, त्यात तू कोणाला तरी गाडी मागे घ्यायला सांगतो आहेस. मला चौथाच त्यातल्या त्यात उपयोगी वाटला. फोन करत नाही, पत्र लिहिते, कुरिअरने शुक्रवारपर्यंत मिळेल. जे सांगायचं आहे ते मध्ये कोणी तोडलं तर माझ्याकडून पुन्हा सांगून होणार नाही, आणि तू तोडतोस. लहानपणापासून.

आपलं काय ठरलं ते आधी स्पष्ट लिहिते, म्हणजे नंतर 'मी असं म्हणालोच नव्हतो' असं नको. आईला आता दोन्ही कानांनी जवळजवळ काही ऐकू येत नाही. कानातलं यंत्र ती साखरेच्या डब्यात ठेवते. ती तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते, मी दोन गल्ल्या पलीकडे, आणि दिवसभर शाळेत. रस्त्यावरचा भूकंपाचा भोंगा वाजला तर तिला कळणार नाही. म्हणून पिलोनने एवढं शिकायचं: भोंगा वाजला की आईच्या गुडघ्याला तीनदा नाक लावायचं, दाराशी जायचं, ती उठली नाही तर परत यायचं. बाकी कुठल्याही आवाजाला जागचं हलायचं नाही. रविवारी तू येऊन तुझ्या फोनवर भोंगा वाजवणार. पिलोनने आईला दारापर्यंत आणलं तर आई तिच्या घरात राहील, नाही आणलं तर नोव्हेंबरात तू तिला तुझ्याकडे मेरिदाला नेणार. हे मी आईला कागदावर लिहून दाखवलं. तिने चष्मा लावून दोनदा वाचलं आणि म्हणाली, "मेरिदाला भूकंप होत नाहीत हे खरं. पण तिथे सून आहे." बेरेनीसला सांगू नकोस. किंवा सांग, मला आता कशाचंच काही वाटेनासं झालं आहे.

कुत्रा मुळात तू आणलास, याची आठवण देऊ का? मंडईत तू आईसाठी पेरू घेतलेस, पेरूवाल्या बाईने वर हे पिल्लू फुकट घातलं, तू त्याला पिलोन, म्हणजे 'वरचा फुकट', असं नाव ठेवलंस, आईच्या मांडीवर ठेवलंस आणि त्याच संध्याकाळच्या विमानाने परत गेलास. मागे राहिलो आम्ही आणि एक असा जीव, जो सगळ्याला घाबरत होता. गॅसवाल्याची आरोळी. रताळ्याच्या गाडीची वाफेची शिट्टी. जुन्या गाद्या आणि फ्रिज विकत घेणाऱ्या ट्रकवरची ती रेकॉर्ड. शेजारच्यांची शिंक. रताळेवाला गल्लीत शिरला की पिलोन मोरीत जाऊन बादलीमागे बसायचा आणि आई त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसायची.

उद्यानात कुत्री शिकवणारी यादिरा माझी जुनी विद्यार्थिनी, रसायनशास्त्रात माझ्याच हातून दोनदा नापास झालेली. त्याचा वचपा ती सवडीने काढते आहे. तिची पद्धत साधी. आवाज फोनमध्ये भरून घ्यायचा आणि इतका लहान लावायचा की कुत्र्याचा नुसता कान हलेल. कान हलला की उकडलेल्या कोंबडीचा तुकडा. दुसऱ्या दिवशी केसभर मोठा. कुत्रा दचकला तर चूक आपली, दोन पायऱ्या मागे. मी एक ते वीस अशा पायऱ्या आखून वही केली. सातव्यावरून मी एकदम दहाव्यावर गेले तेव्हा यादिरा वही बघून म्हणाली, "बाई, घाई करताय. मोलची गणितं मला अशीच घाईने शिकवली होतीत. काय झालं, आठवतंय ना?"

आणि घरात आई. मी कोंबडीचे तुकडे मोजून ठेवायचे आणि ही टेबलाखालून मक्याची तोर्तिया, अख्खी पोळीच्या पोळी, भरवायची. मी तिच्यासमोर उभी राहून ओठ हलवून सांगितलं, आत्ता देऊ नकोस, त्याने काही केलेलं नाही. ती म्हणाली, "केलेलं तर तूही काही नाहीस. तुला देतेच ना जेवायला?" मग कचऱ्याच्या गाडीची घंटा. पिलोनने स्वतःच्या डोक्याने ठरवलं की घंटा म्हणजे भोंगा. एका आठवड्यात तीनदा त्याने आईला नाकाने ढकलून उठवलं आणि आई कागदपत्रांची पिशवी घेऊन तीन जिने उतरून रस्त्यावर आली. समोर कचऱ्याची गाडी. मी कपाळाला हात लावला, आई मात्र खूश. म्हणे, इतकी वर्षं तिची गाडी चुकत होती. हा एक धडा मोडायला मला पाच आठवडे लागले, आणि त्या पाच आठवड्यांत तू मला 'अजून तेच चाललंय का?' असं सात वेळा विचारलंस. वहीत लिहून ठेवलंय.

ऑगस्टातला प्रकार तुला माहीत आहे. तळमजल्यावर कास्तुलोकाका सोफे शिवतात आणि शिवताना एका मोठ्या स्पीकरवर गाणी लावतात. शनिवारी सकाळी दहाला मी भोंग्याची आठवी पायरी लावली आणि माझा फोन माझ्या नकळत काकांच्या स्पीकरला जोडला गेला. अकरा कुटुंबं खाली. एकाच्या अर्ध्या गालावर साबण. दुसऱ्या मजल्यावरच्या ओर्तेन्सियाबाई पिंजरा घेऊन उतरल्या आणि पोपटासमोर मला जे जे बोलल्या ते तो अजून म्हणतो. कास्तुलोकाका टॉवेल गुंडाळून उभे होते, एवढंच म्हणाले, "पुढच्या वेळी आधी सांगा बाई, अंघोळ तरी उरकून घेईन." आणि आई वर खिडकीत पपई खात उभी राहून हाताने विचारत होती, काय झालं? तुला हे सांगितलं तेव्हा तू खूप हसलास. त्यातली एक गोष्ट मी तेव्हा सांगितली नव्हती.

आता आजची स्थिती. रताळ्याची शिट्टी वाजते, पिलोन जांभई देतो. गॅसवाला, ट्रक, घंटा, पोपट, कशालाच तो हलत नाही. फक्त भोंग्याला हलतो. उठतो, नीट चालत येतो, तीनदा नाक लावतो, दाराशी जातो, परत येतो. सगळं पाठ. पण माझ्या गुडघ्याला. आईच्या नाही. चौदा वेळा मी करून बघितलं, चौदाही वेळा माझ्या. आईच्या एप्रनच्या खिशात कोंबडी भरली. मी आईचा स्वेटर घातला. खुर्ची बदलली, हात मांडीखाली दाबून दगडासारखी बसले. हा आपला आईच्या पायावरून ओलांडून माझ्याकडे. गेल्या बुधवारी मी त्याला ओरडले, आणि लगेच इतकी लाज वाटली की त्याची माफी मागितली. आई म्हणाली, "कुत्र्याची माफी मागतेस, आणि माझा स्वेटर ताणून ठेवलास त्याचं काय?"

गुरुवारी यादिरा आली. मी खोलीत असताना दोनदा भोंगा लावून बघितला, मग म्हणाली, "बाई, तुम्ही जरा काकांच्या दुकानात जाऊन बसा." मी खाली जाऊन अर्धवट शिवलेल्या सोफ्यावर बसले. वीस मिनिटांनी तिने वर बोलावलं. सहा वेळा भोंगा लावला होता, सहाही वेळा पिलोन सरळ आईकडे गेला होता. आई वैतागली होती, "सहा वेळा उठवलं मेल्याने, डाळ करपली." यादिरा माझ्याकडे न बघता पट्टा गुंडाळत म्हणाली, "कुत्रा चुकत नाहीये. आवाज झाला की ज्याला हलवायचं त्याला हलव, हे त्याला कळलंय. आजींना तर काही ऐकूच येत नाही, त्या निवांत असतात. घाबरलेलं माणूस खोलीत एकच असतं. तुमच्या घामाचा वास त्याला दारातून येतो, बाई. त्याला आपण सवय लावली, तुमची राहूनच गेली." मला इतका राग आला की घरी येऊन डायरीत दोन पानं तिला खोडून काढण्यात घालवली, घामाच्या रसायनासकट. मग ती दोन्ही पानं खोडली. ती खोडल्यावर खाली जे उरलं ते तुला लिहिते आहे.

सात वर्षांपूर्वी, त्या सप्टेंबरातल्या दुपारी, शेवटचा तास नव्हता म्हणून मी आईकडे जेवायला आले होते. आई आतल्या खोलीत चादरींच्या घड्या करत होती. भोंगा आणि हादरा एकदमच आले. मला जिना आठवत नाही, रस्ता आठवतो. मी अनवाणी होते. आईला मी हाक मारली नाही. मारली असती तरी तिला ऐकू आली नसती, असं मी स्वतःला सात वर्षं सांगत आले. पण तेव्हा तिचा डावा कान चांगला होता. वर गेले ते कास्तुलोकाका. भिंतींचं पलिस्तर पडत असताना तीन जिने चढून गेले आणि आईला कमरेला धरून खाली घेऊन आले. तिच्या एका पायात तिची चप्पल होती, दुसऱ्यात माझी. संध्याकाळी तुझा फोन लागला, तू रडत होतास, तू विचारलंस आईला खाली कोणी आणलं, आणि मी म्हणाले, मी. त्या वर्षीच्या नाताळात तू सगळ्यांसमोर पेला उचललास, बहीण असावी तर अशी म्हणालास, आणि मग दर नाताळला. एका वर्षी काकाही टेबलावर होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, फक्त तोर्तिया पुढे करायला सांगितल्या. आई कधीही काही बोलली नाही. तिला काय आठवतं ते मी विचारलेलं नाही. आणि ऑगस्टातली न सांगितलेली गोष्ट ही: बटण मीच दाबलं होतं, भोंगा खोटा आहे हे फक्त मला माहीत होतं, आणि तरी अकरा कुटुंबांच्या आधी मी रस्त्यावर होते. पिलोन माझ्या मागे. आई वर.

तर रविवारी मी खोलीत नसेन. मी नसले की पिलोन चुकत नाही, तुझी परीक्षा पार पडेल आणि आई राहील. न येण्यासाठी मी दोन सबबी तयार केल्या होत्या, एक दाताची आणि एक उत्तरपत्रिकांची, आणि दोन्ही चांगल्या होत्या. पण तू जे बघशील ते अर्धंच असेल. खरा भोंगा मी आईजवळ असताना वाजला तर कुत्रा माझ्याकडे येईल, आणि मग मी काय करीन याची खात्री मला नाही. हे माहीत असूनच तू ठरवायला हवंस, म्हणून हे पत्र. यादिराने माझीही वही केली आहे. पहिली पायरी, जेमतेम ऐकू येईल इतका आवाज, आणि कोंबडीऐवजी खोबऱ्याची वडी. मी चौथीवर आहे. काल चौथ्या आवाजाला पिलोनने माझ्या गुडघ्याला नाक लावलं, तेव्हा मी उठून आईचं कोपर धरलं. ती म्हणाली, "काय, कचऱ्याची गाडी आली?" एकदाच जमलंय, एका वेळेवर विसंबू नकोस. परीक्षा घेतलीस तर आईशेजारी बस, कुत्र्याकडे बघू नकोस आणि धाक वगैरे दाखवू नकोस. मी काकांच्या दुकानासमोर फुटपाथवर उभी असेन. म्हणजे पुन्हा आई वर आणि मी आधी खाली. फरक एवढाच, या वेळी तुला सांगून उतरते आहे.

तुझीच, सध्या चौथ्या पायरीवर अडलेली,
ग्रीसेल्दा