शिवकन्येचे दोन पत्ते

प्रिय शिवकन्या,

तुझ्या दिरानं, भुजंगनं, काल मानवतहून येऊन तू मस्कतहून पाठवलेला खजूर आणि माझ्या सुनेसाठीची साडी दिली. खजूर देवापुढं ठेवला. एकादशी होती, उपासाला चाललाही असता, पण मी तोंडात घातला न्हाई. साडीतली तुझी चिठ्ठी पंकजानंच मोठ्यानं वाचली. 'पंकजा, नव्या कॉम्प्युटरनं माझं नाव गाळलं, त्यात तुझा काय दोष? मनाला लावून घेऊ नको.' वाचून तिनं चिठ्ठी घडी करून साडीतच ठेवली. मी परातीतली भगर निवडत होते. निवडून झाली तरी निवडतच राहिले.

हे पत्र यांच्या जुन्या डायरीच्या कोऱ्या पानांवर लिहायलेय. मला कॉम्प्युटरवर आता बऱ्यापैकी लिहिता येतं, पण तिथं लिहिलेलं पुसायची सोय लय. म्हणून पेन घेतलं.

पिंगळीचं सांगायचं तर तुमच्या घरात आता रेल्वेतल्या एकाचं बिऱ्हाड आहे. दारातला कडुनिंब तोडला न्हाई त्यांनी. आपल्या भजनी मंडळात सातच जणी उरल्यात. सासूबाईंचे टाळ मी वाजवते, पण ठेका चुकतो, मग सरजाबाई डोळे न उघडताच म्हणते, शालू, हरिपाठ हाय, गाडी सुटायली न्हाई. आई असत्या तर त्याही हसल्या असत्या.

तुला आठवतं का, मी लग्न होऊन आले तेव्हा तू बारा-तेरा वर्षांची होतीस. तुझी आई गेलेली, बाप दिवसभर शेतात. तू शाळेतून थेट आमच्या चुलीपाशी यायचीस. मी ताट वाढायचे आणि माझ्या सासूबाई पहिला घास तुझ्या तोंडात घालायच्या. मला तुझी माया नव्हती असं न्हाई. तुझ्या वेण्या मीच घातल्या. पण त्या घासाकडं माझं लक्ष जायचं, हे आज लिहिते. तुझं लग्न झालं, सासरच्यांनी तांदळात 'सविता' लिहिलं, तेव्हा आई आठ दिवस नीट जेवल्या न्हाईत. पुढं तू मस्कतला गेलीस आणि दर महिन्याला कॉम्प्युटरवर पत्र पाठवायला लागलीस. ते मी वाचून दाखवायचे. तीस वर्षं त्यांचं आंघोळीचं पाणी मी काढलं, गुडघ्याला तेल मी चोळलं. पण त्यांचा चेहरा उजळायचा तो तुझ्या पत्रानं. वाचणारीकडं कोण बघतं?

गेल्या दिवाळीत जुना कॉम्प्युटर बंद पडायला आला आणि घरातला फोनही काढला. त्या फोनसोबतच आमचा जुना ईमेल होता, तोही जाणार होता. नवा ईमेल काढायचा, सगळी नावं नव्या कॉम्प्युटरवर न्यायची आणि सगळ्यांना एकदाच नवा पत्ता कळवायचा, असं ठरलं. पंकजा नावं वाचायची, मी हो-न्हाई सांगायचे. तुझ्यापाशी आल्यावर तिनं विचारलं, आत्या, ही शिवकन्या आणि ही सविता एकच का? एकच असली तर एक काढून टाकते.

तू हौसेनं माहेरच्या नावानं पहिला पत्ता काढला होतास. पासपोर्टावर सविता आहे म्हणून दुसरा काढलास आणि पहिला बंद केलास. हे तू मलाच कळवलं होतंस. मला चांगलं ठाऊक होतं. मी म्हणाले, एकच हाय. सविता काढून टाक, माहेरात कोण सविता म्हणतं तिला?

म्हणजे यादीत नाव राहिलं, कुणीही बघितलं तरी शिवकन्या दिसावी. तू मात्र तिथं नव्हतीस. तुला नवा पत्ता कळला न्हाई आणि तू लिहिलेलं आमच्या बंद पत्त्यावर जात राहिलं. मला वाटलं होतं, महिना-दोन महिने पत्र न्हाई आलं तर काय बिघडतंय.

फाल्गुनात आई आजारी पडल्या. म्हणाल्या, शिवीला कळीव, एकदा येऊन जा म्हणावं. मी त्यांच्या समोर बसून तुझ्या त्या शिवकन्या नावाच्या बंद पत्त्यावर लिहिलं. ते परत आलं, ते मी पुसून टाकलं. तुझा चालू पत्ता माझ्या वहीत होता, दोन मिनिटांचं काम होतं. रोज सकाळी देवाला फुलं वाहताना ठरवायचे, आज कळवायचं. चैत्रात आई गेल्या.

मागच्या महिन्यात भुजंग आला आणि दारातूनच म्हणाला, काय वहिनी, लय मोठी माणसं झालात, आमच्या सवितावहिनीला साधं उत्तर न्हाई? तेव्हा यांनी यादी उघडून तुझा चालू पत्ता शोधला, तो नव्हता, आणि पंकजाला बोलले, शिकलेली सून असून एक नाव धड हलवता आलं न्हाई? ती म्हणू शकत होती की आत्यांनीच सांगितलं. ती माझ्याकडं बघून गप्प बसली. तिला वाटतं माझ्याकडून चुकून झालं, आणि ती महिनाभर ते माझ्यासाठी सोसायलीय. भुजंगनं आई गेल्याचं आणि नाव गळाल्याचं तुला कळवलं, म्हणून वर आता तुझी साडी.

एवढंही सांगून थांबता आलं असतं, पण एक राहिलंय. आई जायच्या आदल्या दिवशी, तुझं पत्र आलं, असं सांगून मी कॉम्प्युटरसमोर बसले आणि मनानंच वाचलं. 'आई, मला रजा न्हाई, पण जीव तुमच्यापाशी आहे, औषध घ्या,' असं बरंच. त्यांनी डोळे मिटून सगळं ऐकलं. मग म्हणाल्या, शालू, शिवी मला माय म्हनती. आई तू म्हनतीस. त्यांनी चाचपत माझा हात धरला आणि म्हणाल्या, चांगलं लिवलंस बाई, तुजंच हाय समजून ऐकलं मी. आता तिला खरं लिव. ते लिहायला मला श्रावण उजाडला. हे पत्र आधी पंकजाच्या हातात देणार आहे, यांनाही ऐकवणार आहे, मग टपालात टाकणार आहे. तुझ्या मायनं शेवटपर्यंत तुझी वाट बघितली. ती तुझ्यावर रागावलेली नव्हती.

तुझीच,
शालूवहिनी