रंगाखालचा पत्रा

सांगोला,
ता. १८ नोव्हेंबर १९७४

तीर्थरूप मल्लप्पामामांस,
बिरप्पाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

सुट्टी संपून शाळा सुरू झाली. आईचं बरं आहे. डाव्या डोळ्याला तेवढं पाणी येतं, पण दवाखान्याचं नाव काढलं की डोळा लगेच बरा होतो. मामींना नमस्कार सांगा.

मामा, काम काढलंय. पुण्याच्या जुन्या बाजारातून मी एक माईक आणलाय. हा साध्या माईकसारखा नुसती तार जोडली की चालत नाही. त्याच्या पोटात जुन्या रेडिओत असतो तसा व्हॉल्व्ह आहे आणि त्याला स्वतःची वेगळी वीज लागते. ती पुरवणारं यंत्र मी मासिकातल्या नकाशावरून जमवलं आहे, पण त्याला अजून घर नाही. ते घर तुम्ही बांधायचं. लग्नाच्या पेट्या करणाऱ्या माणसाला हे काम सांगतोय, हसू नका.

लांबी दहा इंच, रुंदी सहा, उंची चार. पत्रा अठरा गेजचा घ्या. पातळ पत्रा आतल्या ट्रान्सफॉर्मरबरोबर थरथरतो आणि ती गुणगुण टेपवर उतरते. मधे एक आडभिंत हवी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर एकीकडे आणि बाकीचं दुसरीकडे राहील. मागे हवेसाठी भोकं. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे सोबतच्या कागदावर जिथं फुली आहे, तिथं अर्थिंगची तार जोडायची आहे. त्या जागी आतबाहेर रुपयाएवढा पत्रा उघडा ठेवा, रंगाचा थेंबही नको. पेटीत चुकून वीज उतरलीच तर ती त्या तारेवाटे जमिनीत जाते, माणसाच्या अंगात जात नाही.

हे सगळं आप्पांसाठी चाललंय. आजोबा आता अठ्ठ्याहत्तरीत आले. बिरोबाच्या जेवढ्या ओव्या त्यांना येतात तेवढ्या या भागात दुसऱ्या कुणाला येत नाहीत, आणि लिहून कुणीच ठेवलेल्या नाहीत. दोन महिने विनवण्या केल्यावर म्हणाले, माज्या मागारी कोन ऐकनार हाय, घे की तुज्या डब्यात भरून. तेव्हा मामा, उशीर नको.

कळावे. आजवर केलेत तसेच लाड पुढेही करावेत.
आपला,
बिरप्पा


शुक्रवार पेठ, सोलापूर,
ता. ८ डिसेंबर १९७४

चि. बिरप्पास,
मल्लप्पामामाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझा कागद पोचला. वीस वर्षं पेट्या करतोय, पण पेटी कशी करावी हे कुणी मला चार पानं लिहून कळवलं नव्हतं. तुझी मामी म्हणाली, मास्तर झालाय, तुमाला बी शिकवनारच की. असो.

सांगोल्याच्या गाडीचा कंडक्टर शिवशरण आपल्या ओळखीचा आहे, त्याच्याजवळ पेटी दिली आहे. मोजून बघ, सुताएवढाही फरक सापडणार नाही. एकाच पत्र्याची घडी केली, कोपऱ्यांना तेवढे रिवेट मारले. आडभिंत घातली, भोकं पाडली. हिरव्या रंगाचे तीन हात दिले आणि झाकणावर दोन पोपट काढून खाली आप्पांचं नाव घातलं. ही पेटी पुढच्या पन्नास पावसाळ्यांत गंजली तर माझं नाव बदल.

तुझ्या फुलीच्या जागी मी पितळेचा स्क्रू पक्का बसवून दिला आहे. कानस घेऊन खरवडत बसायची दगदग नको. तार गुंडाळ आणि वरचा नट आवळ, झालं तुझं काम.

आप्पांना दंडवत सांग. ओव्या भरून झाल्या की मला पहिल्यांदा ऐकवायच्या. माझ्या बहिणीच्या सासऱ्याच्या आवाजाला माझी पेटी लागली, हे मी पेठेत चार जणांना सांगून बसलोय. तुझ्या आईस, केराताईस आशीर्वाद.

तुझा,
मल्लप्पामामा


सांगोला,
ता. २२ डिसेंबर १९७४

ती. मामांस,
सा. नमस्कार.

हे पत्र लिहायला हात उचलत नाही. शुक्रवारी शाळेच्या खोलीत सगळं मांडलं होतं. गावातली पंधरावीस माणसं आली होती. आप्पा फेटा बांधून, ढोल घेऊन, अनवाणी फरशीवर उभे राहिले. पहिली ओवी उचलली आणि माईक जवळ ओढायला उजवा हात लावला. मामा, आप्पा दोन हात अंतरावर मागे फेकले गेले. ढोल एकीकडे, फेटा एकीकडे. शेजारच्या कोंडीबानं बटण बंद केलं, मला तेवढंही सुचलं नाही.

जिवावरचं टळलं, पण हात दोन दिवस बधिर होता. मी सगळं सोडून बघितलं. ट्रान्सफॉर्मरची एक तार सोलवटून पत्र्याला लागली होती, आणि माईकचं धातूचं अंग त्याच पत्र्याला जोडलेलं असतं. ती चूक माझी. पण असल्या चुकीसाठीच तर अर्थिंग असतं! अर्थिंगची तार मी मीटर लावून तपासली, प्लगपासून तुमच्या स्क्रूपर्यंत ती धड आहे. मग वीज जमिनीत का गेली नाही, ते मला कळत नाही.

आप्पांचं म्हणणं निराळंच आहे. देवाचं गानं डब्यात कोंबाय निगालो, बिरोबानं हात झटाकला, असं म्हणतात. लोकांसमोर मान वर करत नाहीत. बारा जानेवारीच्या अमावास्येला देवळात हळदीचा भंडारा उचलून, देवाची शपथ घेऊन गाणं सोडणार म्हणून बसले आहेत. त्याआधी चूक नक्की कुठं झाली हे त्यांना दाखवता आलं, तर ते थांबतील. म्हणून विचारतो, राग मानू नका. त्या स्क्रूपाशी मी सांगितलं त्याहून काही वेगळं केलं होतं का?

उत्तर लगेच यावं. माया आहे ती राहू द्यावी.
बिरप्पा


सोलापूर,
ता. ३० डिसेंबर १९७४

चि. बिरप्पास,
आशीर्वाद.

पत्र वाचून फार वाईट वाटलं. आप्पांना जपा, रोज हळद घातलेलं दूध द्या. संक्रांतीची गड्ड्याची यात्रा तोंडावर आल्यानं पेट्यांना मागणी आहे, श्वास घ्यायला फुरसत नाही, म्हणून चार ओळीच लिहितो.

पेटीत काही वेगळं केलेलं नाही. जुन्या बाजारातला माल, त्यातच काहीतरी असणार. तू पुन्हा एकदा तुझ्या तारा बघ. आप्पांचं म्हणशील तर म्हातारी माणसं रागात बोलतात आणि विसरतात.

मामी आठवण काढते.
मल्लप्पामामा


सोलापूर,
ता. २२ जानेवारी १९७५

चि. बिरप्पास,
कुठल्या तोंडानं आशीर्वाद लिहू, म्हणून लिहीत नाही.

केराताई यात्रेला आली होती, आठ दिवस राहून काल गेली. तिच्याकडून कळलं की आप्पांनी अमावास्येला भंडारा उचलला. हेही कळलं की तू माईक पोत्यात बांधून माळ्यावर टाकलास आणि शाळेतलं पोरांचं विजेचं मंडळ बंद केलंस. हेडमास्तरांना म्हणालास म्हणे, ज्याला आजोबाला सांभाळता येत नाही त्यानं दुसऱ्याच्या पोरांच्या हातात तारा देऊ नयेत. एवढं सांगून ताई मला म्हणाली, दादा, तुजी पेटी तेवढी बिनचूक झाली, आसं बिरू सारकं म्हनतो. मी हातातला घास खाली ठेवला. तिला वाटलं, भाजी तिखट झाली.

बिरू, पेटी बिनचूक नव्हती. तू पत्रा उघडा ठेवायला सांगितलं होतंस. मी कानस घेतली, लावली, आणि मला ते करवेना. पेटी करणाऱ्यानं उघडा पत्रा ठेवला तर तिथून गंज धरतो, आणि गंजलेली पेटी म्हणजे कारागिराच्या तोंडाला काळं. लग्नाच्या पेटीच्या कडीला आम्ही रबराचा वायसर घालतो, म्हणजे रंग तडकत नाही आणि पाणी शिरत नाही. तोच मी तुझ्या स्क्रूला आतून आणि बाहेरून घातला, भोकाच्या कडेलाही रबरच आलं. वरून रंगाचा शेवटचा हात मारला, म्हणून तुला तो दिसला नाही. तुझी तार स्क्रूपर्यंत आली होती, पण स्क्रू पत्र्याला कुठंच शिवत नव्हता. पोपटांपायी मी तुझी फुली मोडली.

हे अडाणीपणानं झालं म्हणून सोडून देता आलं असतं. पण तू पत्र लिहून सरळ विचारलंस, तेव्हा ती ओळ वाचतानाच मला सगळं कळलं होतं. अमावास्येला तेरा दिवस होते. एका कार्डाचं काम होतं. मी यात्रेचं निमित्त काढलं. चार जणांना सांगून बसलो होतो ना! खाई त्याला खवखवे म्हणतात, तसं गेले तीन आठवडे माझं चाललंय. मामी विचारते, काय दुखतंय. काय सांगू तिला?

हे पत्र आप्पांना वाचून दाखव. तुला वाटेल ते बोल. मी उलटून बोलणार नाही.

मल्लप्पा


सांगोला,
ता. २८ जानेवारी १९७५

ती. मामांस,
सा. नमस्कार.

पत्र मिळालं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा फाडणार होतो. माझ्या हातून आप्पा मरता मरता वाचले, हे घेऊन मी महिनाभर वर्गात उभा राहत होतो. पोरांनी बल्बबद्दल विचारलं तरी मी विषय बदलायचो. तुम्हाला ठाऊक होतं आणि तुम्ही मला तारा बघायला सांगितलं. मामा, हे मला फार लागलं.

माझी चूक यानं पुसत नाही. मीटर स्क्रूपर्यंत लावला, तसा एकदा पेटीच्या पत्र्याला लावायला हवा होता. मनात आलंही होतं. पण मामाच्या कामावर मीटर लावायचा का, असं वाटून ठेवून दिला.

पत्र मी आप्पांना वाचून दाखवणार नाही. आईलाही सांगितलेलं नाही. तुम्ही यावं आणि स्वतः सांगावं. रविवारी ते मेंढरांपाशी माळावर असतात. मी घरी थांबेन, मधे येणार नाही. पेटी तुमच्यासाठी ओट्यावर काढून ठेवतो.

तुमचाच,
बिरप्पा


सोलापूर,
ता. ४ फेब्रुवारी १९७५

चि. बिरप्पास,
आशीर्वाद. वि. वि.

रविवारी माळावरून मी परस्पर गाडी धरली. केराताईच्या हातचं जेवायची माझी छाती झाली नाही. तिला काय सांगायचं ते तू सांग, काही लपवू नकोस.

ओट्यावरची पेटी घेऊन मी माळावर गेलो. आप्पांसमोर स्क्रू काढला आणि वायसर त्यांच्या हातावर ठेवून सगळं सांगितलं, तुझ्या पत्राचं आणि माझ्या खोट्या उत्तराचंसुद्धा. त्यांनी वायसर उलटासुलटा करून बघितला. मग विचारलं, म्हंजी बिरोबा रागावला न्हवता? मी म्हटलं, नव्हता. त्यांनी वायसर मुठीत आवळला. मला वाटलं, आता उठून मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

मी पाय धरले आणि म्हटलं, कारणच खोटं निघालं, आता गायला काय हरकत आहे. तेव्हा ते म्हणाले, भंडारा म्या देवापुडं उचालला, तुज्या पत्र्यापुडं न्हाय. तू खोटं वागलास म्हनून म्या बी वागू व्हय? बिरू, मी धनगराच्या पोटी जन्मलो. उचललेला भंडारा परत ठेवता येत नाही, हे काय मला माहीत नव्हतं? तीस डिसेंबरला लिहितानाही माहीत होतं.

गाणार ते नाहीतच. पण तुझ्यासाठी एवढं म्हणाले की, पोराला पायजे आसंल तर ओव्या नुसत्या सांगीन, बोलल्यावानी, चालीबिगर. आणि सांगून होईपर्यंत मल्लप्पानं पेटीवर उघडा हात ठेवून बसायचं. मी होय म्हटलं.

पेटीचा सगळा रंग उतरवला आहे. आता सगळीकडं पत्राच आहे, गंजेल तेव्हा गंजेल. सोळा तारखेच्या रविवारी घेऊन येतो. या खेपेला माझ्या कामाला तू मीटर लाव, माझ्यासमोर लाव.

मल्लप्पामामा


सांगोला,
ता. १८ फेब्रुवारी १९७५

ती. मामांस,
बिरप्पाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

परवा तुम्ही साडेचारच्या गाडीनं गेलात, त्यानंतरचं कळवायला हवं. आई तुमच्यावर रागावली आहे, पण डबा द्यायला विसरले म्हणून हळहळतही आहे. म्हणजे महिन्याभरात राग जाईल. विजेचं मंडळ येत्या सोमवारपासून पुन्हा सुरू करतो.

टेप स्वच्छ उतरली आहे. दोन तास आप्पा न थांबता सांगत होते, शब्द न् शब्द कळतो. पेटीची गुणगुण जरासुद्धा नाही.

मधे एकदा ते भान विसरले आणि दीड ओवी चालीवर गायले, ते तुम्ही ऐकलंच. एकदम थांबून कान धरले, तेव्हा तुम्ही खाली बघत होता. हात पेटीवर तसाच होता. तुम्ही गेल्यावर ते मला म्हणाले, तेवडं पुसून टाक. मी हो म्हटलं.

मामा, ती दीड ओवी मी त्या संध्याकाळी पाचसहा वेळा ऐकली. असा आवाज होता त्यांचा, आणि माझ्यापाशी तेवढाच आहे. मनात आलं, पुसलं म्हणून सांगावं आणि ठेवून द्यावं. आप्पांना टेपमधलं काय कळतं! मग तुमचं तीस तारखेचं पत्र आठवलं. तुम्हालाही त्या वेळी असंच वाटलं असेल.

काल आप्पांना समोर बसवून तेवढ्या जागेवरून पुन्हा रिकामं रेकॉर्डिंग फिरवलं, म्हणजे जुनं पुसलं जातं. ते होईपर्यंत आम्ही दोघं गप्प बसलो होतो. आता तिथं काहीच ऐकू येत नाही.

आप्पांनी तुम्हाला आशीर्वाद सांगितला आहे. पाडव्याला मामींना घेऊन या, माया तुटली असं समजू नका.

आपला,
बिरप्पा