पोटातला भाडेकरू

४ नोव्हेंबर
मनोरुग्णांच्या या निवासी केंद्रात येताच पहिली तक्रार नोंदवणे भाग आहे, ती उशीबद्दल. हिला उशी म्हणणे हा समस्त कोशकारांचा उपमर्द होय. बाकी सगळे उत्तम. खोलीत ऊन येते. शेजारच्या खाटेवर निवृत्त कंडक्टर आहेत, त्यांना सगळे मेजर म्हणतात. त्यांनी आल्याआल्या विचारले, तुम्हाला काय ऐकू येतं? म्हटले, यायचं. पोटात एक भाडेकरू राहून बोलायचा, नव्या गोळीने इतक्या वर्षांनी त्याला बाहेर काढला. ते म्हणाले, नशीबवान आहात, आमचा अजून जागा सोडत नाही.
ताई सोडायला आली होती. महिनाभर नीट राहिलास तर कायमचा घरी नेते म्हणाली.

७ नोव्हेंबर
इथे सकाळी चहाच्या टेबलावर सिस्टर एकेकाला खणखणीत आवाजात विचारतात, झालं का? चार बायकांदेखत मलोत्सर्गाचे वृत्त द्यावे, हे काही आमच्या संस्कारांत बसत नाही. मी आपली मान डोलावतो. वस्तुतः आल्यापासून काहीच नाही. मेजर म्हणतात, संस्कृतचे मास्तर तुम्ही, संधी सोडवता सोडवता अडलं असेल.

११ नोव्हेंबर
पोट नगाऱ्यासारखे तट्ट. दोन घासांत जेवण संपते. आज लाज सोडून सिस्टरना सांगितले. त्या म्हणाल्या, काका, कालसुद्धा हो म्हणालात की. मग हळूच विचारले, पोटात कुणी आहे असं वाटतं का? म्हटले, आहे, पण या खेपेस घनरूपात.
नको होते म्हणायला.

१२ नोव्हेंबर
डॉक्टर येऊन गेले. पोटाला हात लावला नाही. भाडेकरू परतला म्हणाले. गोळी वाढवली. या गोळीनेच आतडी झोपली नसतील ना, असे मी विचारले. हसले. म्हणाले, तुम्ही संस्कृतचं बघा, हे आमच्यावर सोडा.

१४ नोव्हेंबर
रेचक मागितले. डॉक्टर उद्या बघू म्हणाले. संध्याकाळी पोटात कळा, मग उलटी. तिला विष्ठेचा वास. मेजर धावत सांगायला गेले, पण त्यांचे कोण ऐकणार. त्यांनाही आवाज येतात.

१५ नोव्हेंबर
ताईचा फोन. डॉक्टर तिच्याशी आधीच बोललेले. रडत म्हणाली, पुन्हा ते पोटातलं सुरू केलंस का रे? मी नाही म्हटले. बरा आहे म्हटले. आणखी काय म्हणणार —

१६ नोव्हेंबर
दुखणे थांबले. एकदम. सिस्टर खूश, बघा काका, गोळी लागू पडली.
पोट लाकूड झाले आहे, आत काहीतरी फुटले असावे. हात गार. अक्षर नीट —
मरणाची भीती नाही. खरेच नाही. मी बरा झालो होतो, ताई. तुला वाटेल वेडातच गेला, तेवढंच मला —