गाळलेलं पान

१ ऑगस्ट २०१४, शुक्रवार

आज प्रार्थनेत साक्ष दिली, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर उभं राहून सांगितलं. पहिल्यांदाच. चर्चच्या आवारात आम्हा मराठीवाल्यांना मागची खोली असते, अकरा ते साडेबारा. मग तेलुगूवाले दारात येऊन उभे राहतात, उठायलाच लागतं. मस्कतला शुक्रवार हाच आमचा रविवार.

म्हणालो, माझी आई गावाकडं, नगर जिल्ह्यात. आठ वर्षं साखरेची पेशंट. तिला वाचता येत नाही. वाघमारे अंकलनी दिलेलं हिरवं पुस्तक मी तिला रोज दुपारी फोनवर वाचून दाखवतो, गॅरेज एक ते चार बंद असतं तेव्हा. विश्वासानं बरं होण्याचं पुस्तक. जूनपासून तिनं गोळ्या सोडल्या. आता तरतरी वाटते म्हणते.

सगळे हालेलुया. टाळ्या. आमची प्रार्थना अंकलच चालवतात, ते म्हणाले, "सातवी शिकलेला डेंटर, गाड्यांचे पोचे काढणारा, पण विश्वास बघा याचा!"

खोटं कशाला लिहू, छाती फुगली. वाचण्यावरून माझं कौतुक आजवर कुणीच केलं नव्हतं. शाळेत उभं करून वाचायला लावायचे ते हसण्यासाठी.

५ ऑगस्ट, मंगळ.

शालूचा फोन, भर कामात. बहीण कामाच्या वेळी कधी करत नाही. हातोडी हातात तशीच.

आईला चपलेनं फोड आला होता. महिना झाला. तिनं लपवला. आता अंगठा आणि शेजारचं बोट काळं पडलंय. नगरला दवाखान्यात ठेवलंय. डॉक्टर म्हणतात दोन बोटं तर जाणारच, वर कुठंवर चढलंय ते नंतर कळेल. साखर एवढी की डॉक्टर शालूवरच ओरडला.

"गोळ्या कधीपासून बंद होत्या?" तिनं मला विचारलं.

मी हातोडी पत्र्यावर टेकवली.

"दादा, तुला माहीत होतं ना?"

मी पत्र्यावरचा पोचा बघत होतो.

"मग आता तुझ्या पुस्तकालाच विचार, पाय कुठून कापायचा ते." फोन ठेवला.

संध्याकाळपर्यंत गाडीच्या दाराचा पत्रा ठोकला. अर्बाब, गॅरेजचा ओमानी मालक, येऊन म्हणाला, खलास, खलास, अजून किती मारशील. दार सरळ व्हायच्या ऐवजी आत गेलं होतं.

६ ऑगस्ट

आईशी बोललो. आवाज खोल गेलाय. मला वाटलं रागवेल. रागवली असती तर बरं झालं असतं.

"सुन्या, तू जिवाला लावून घेऊ नको. माझाच इस्वास कमी पडला. एकदा रात्री भ्याले आन् एक गोळी खाल्ली होती मी. तिथंच चुकलं."

एक गोळी खाल्ली म्हणून पाय सडला असं तिला वाटतंय. हे तिच्या डोक्यात कुणी घातलं? मी. माझ्याच तोंडानं. रोज दुपारी दोन वाजता.

देवबापा, हे तुला ऐकू गेलं का? चांगलं वाटलं का?

८ ऑगस्ट, शुक्र.

वाघमारे अंकलना गाठलं, प्रार्थना सुरू व्हायच्या आधीच. सगळं सांगितलं. त्यांनी डोळे मिटले, माझा खांदा धरला आणि म्हणाले, "सैतान साक्षीनंतरच हल्ला करतो. परीक्षा आहे. डगमगू नको."

मी डगमगत नव्हतो. मला त्यांना ढकलावंसं वाटत होतं.

नंतर नेहमीसारखे त्यांच्या वाडी कबीरच्या फ्लॅटवर जेवायला घेऊन गेले. एकटी पोरं ना आम्ही, दर शुक्रवारी दोघा-तिघांना नेतात. मटण होतं. आंटी, म्हणजे त्यांची बायको, इथल्या हॉस्पिटलात नर्स. मी पाण्यासाठी फ्रीज उघडला. दारात अंड्यांच्या खालच्या कप्प्यात इन्सुलिनची पेनं. चार. शेजारी प्लास्टिकची डबी, सोम-मंगळ-बुध असे खण, गोळ्या भरलेल्या.

आंटी मागं उभ्या होत्या. त्यांनी हात लांब करून फ्रीजचं दार हळू लावलं.

"कुणाचं?" मी विचारलं.

"अंकलचं. सहा वर्षं झाली."

ताट तसंच ठेवलं. बाहेर येऊन अंकलना सगळ्यांसमोर विचारलं, तुमचा विश्वास फ्रीजमध्ये ठेवता का? तिघं जेवत होते, घास हातातच राहिले. अंकल लाल झाले. "सुनील, पुस्तक आत्म्यासाठी असतं. औषध सोडा असं मी कधी सांगितलं तुझ्या आईला?"

नाही सांगितलं. बरोबर. फक्त साक्षीला टाळ्या वाजवल्या.

उन्हात चालत आलो खोलीवर. टॅक्सी थांबत होत्या, बसलो नाही.

१० ऑगस्ट, रवि.

खाबुऱ्याहून एक पिकअप आलाय. मालक समुद्राकाठचा शेतकरी. खारी हवा खाऊन खालचा पत्रा बिस्किटासारखा झालाय, बोट लावलं की चुरा. अर्बाब म्हणाला, यल्ला, आटप, पुट्टी भर, रंग मार, उद्या त्याला दे. मी म्हणालो, नाही. सडका पत्रा कापून काढीन, नवा जोडीन, तीन दिवस लागतील. तो बघत राहिला. मी कधी उलटून बोलत नाही. शेवटी म्हणाला, इन्शाल्ला दोन दिवसांत. बरं, दोन.

बाळादादा आमचा पेंटर, माझ्याच खोलीत राहतो, कुडाळकडचा. मला पाद्री म्हणतो. दुपारी जेवताना म्हणाला, "काय रे पाद्री, देवाक शिव्या घातलंस की नाय?"

"आमच्यात चालत नाही."

"मेल्या, मग राग खंय काढतलंस? पत्र्यावर? आमच्यात देव पाण्यात घालून ठेवतत. काम होईपर्यंत बस म्हणावं पाण्यात."

हसलो. पाच दिवसांत पहिल्यांदा. मग विचार करत बसलो, आमचा कुठं घालायचा. भिंतीवर येशूचं एक कॅलेंडर आहे फक्त.

१३ ऑगस्ट, बुध.

हिरवं पुस्तक जाळायचं ठरवलं. गॅरेजमागं ड्रम आहे, थिनरची फडकी जाळतो तिथं. आधी म्हटलं ती जागा शोधतो. कुठं लिहिलंय गोळ्या सोडा म्हणून. ते पान फाडून अंकलच्या तोंडावर मारीन, बाकीचं जाळीन.

पहिल्यापासून वाचलं, बोट ठेवून. माणसं बरी झाली, लंगडी चालली, कुणी काठी टाकली, कुणी चष्मा, एका बाईनं औषधाच्या बाटल्या विहिरीत टाकल्या. ही बाटल्यावाली बाई मी आईला दोनदा वाचून दाखवली होती, तिला आवडली म्हणून.

मग पान ७१. खाली चौकट, बारीक अक्षरं. चार ओळींना पाऊण तास लागला. तीन शब्द बाळादादाला विचारले, त्यालाही एक आला नाही. लिहिलंय असं की ज्यांचा विश्वास अद्याप परिपक्व झालेला नाही, त्यांनी वैद्यकीय उपचार बंद करू नयेत, स्वतःची विवेकबुद्धी वापरावी.

मला हे पान आठवलं. नीट आठवलं. जूनची सुरुवात, फोन कानाला, घाम. बारीक अक्षरं बघून मी म्हणालो होतो, "आई, इथं काही विशेष नाही, पुढं जातो."

काही विशेष नाही.

जड शब्द आले की मी असंच करतो. अडखळलो तर ती म्हणेल पोराला अजून वाचता येत नाही. म्हणून गाळतो.

पुस्तक जाळलं नाही. मग जाळायचं कुणाला?

त्याच रात्री, अजून

राग उतरत नाही. मी गाळलं, मान्य. पण यांनी बाटल्यावाली बाई मोठ्या अक्षरांत छापली, आणि हे मुंगीएवढ्या अक्षरांत. आणि समजा मी वाचलं असतं. परिपक्व नाही, म्हणजे कच्चा. आईला कोण सांगणार, तुझा विश्वास कच्चा, तू गोळ्या खा? चाळीस वर्षं गावच्या देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, झाडू मारणारी, खिडक्या पुसणारी बाई. तिचा कच्चा, आणि फ्रीजवाल्याचा?

कुठूनही धरलं तरी तीच चुकते. असं पुस्तक लिहिणारा हुशार असणार.

१५ ऑगस्ट, शुक्र.

साक्षीची वेळ आली. अंकलनी विचारलं, कुणी? मी उठलो. त्यांनी दुसरीकडं बघितलं.

म्हणालो, दोन आठवड्यांपूर्वी मी इथं जे बोललो ते परत घेतो. माझ्या आईचा पाय सडलाय. आणि पान ७१ उघडून वाचायला लागलो. प-रि-प-क्व. हळू वाचत होतो, अडखळत. कुणी हसलं नाही.

दुसऱ्या ओळीवर अंकलनी गाणं सुरू केलं. ढोलकीवाल्यानं त्यांच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, मग धरला ठेका. सगळे हळूहळू गायला लागले. मी वाचत राहिलो. माझं मलाच ऐकू येत नव्हतं. चारही ओळी वाचूनच बसलो.

बाहेर चपला घालत होतो तर आंटी आल्या. पर्समधून एक पातळ पुस्तक काढलं, कव्हर नाही, दोऱ्यानं शिवलेलं, आणि माझ्या हातात दिलं.

"हिरवं पुस्तक मी पण वाचलं होतं," म्हणाल्या. "वॉर्डात काय येतं ते मी रोज बघते. पण घरात काही बोलले नाही. तू साक्ष दिलीस तेव्हाही बोलायला हवं होतं मी."

मी 'ठीक आहे, आंटी' म्हणालो नाही. कारण ठीक नव्हतं.

१८ ऑगस्ट, सोम.

पातळ पुस्तक वाचतोय. कुणा गावच्या जुन्या पाळकाचं, म्हणजे पाद्रीचं. बायको बाळंतपणात गेली त्याची, त्यानंतर रोज त्यानं देवाला लिहिलंय. माझ्यासारखंच, तारीख घालून. एके दिवशी नुसतं एवढंच, की आज तुझ्याशी बोलायचं नाही, पण बसायला दुसरी जागा नाही म्हणून इथं आलोय. दुसऱ्या दिवशी लिहितो, लोक मला धीर द्यायला येतात तेव्हा त्यांना हाकलून द्यायची शक्ती दे.

हे छापलं कसं कुणी? पाळक असून?

तीन पानं उभ्या उभ्या वाचली, पिकअपच्या बॉनेटला टेकून. एकही शब्द गाळला नाही. जिथं अडलो तिथं अडून राहिलो.

पण शेवट आधीच काढून बघितला. शेवटी हा पण शांत होतो, आभार मानतो. तिथं बंद केलं. मी अजून तिथं नाही. येईन असं पण वाटत नाही.

२१ ऑगस्ट, गुरु.

दोन बोटं काढली. आई शुद्धीवर आहे, थोडं जेवली. पट्टी शनिवारी सोडतील, तेव्हा कळेल की एवढ्यावर भागलं की घोट्यापासून.

फोनवर पहिलं काय बोलली? "पुढचं कधी वाचणार? थोडंच राहिलंय. तूच म्हणाला होता बारा पानं राहिली म्हणून."

मागून शालू ओरडली, "फेकून दे म्हणावं ते!"

"आगं गप. गोळ्या खाते ना मी, सुई पण घेते. पण आर्धं सोडू नये." मग मला हळूच, "तुझा आवाज ऐकला की दुपार जाते रे."

उद्या वाचतो म्हणालो.

२२ ऑगस्ट, शुक्र.

अकरा वाजले. तिकडं खोलीत गाणी सुरू झाली असतील. गेलो नाही. पुढच्या शुक्रवारी जाईन की नाही माहीत नाही. खाबुऱ्याचा पिकअप दोन दिवसांत झाला होता, पण मालक न्यायला कालच आला, खाली वाकून बघितलं, हात मिळवला.

दोन्ही पुस्तकं मांडीवर. आधी ७१. काल बाळादादासमोर चार वेळा वाचून काढलं, आता अडत नाही. तो म्हणाला, "वाचशील रे. पण आईक सांगतलंस काय, की आधी गाळलंस म्हणून?"

तेच.

सांगितलं तर तिला कळेल पोरानं फसवलं. नाही सांगितलं तर ती मरेपर्यंत म्हणणार, माझाच इस्वास कमी पडला. दुसरं जास्त वाईट. म्हणजे सांगायचंच. मग ती म्हणेल लेकरा, तुझी काय चूक. आणि मला ते ऐकायचं नाहीये. कुणीतरी एकदा तरी माझ्यावर ओरडावं.

फोनचं रिचार्ज कार्ड खरडलं. तिकडं भारतात साडेबारा. शालूनं तिला उशीला टेकवून बसवलं असेल. बोट पहिल्या ओळीवर ठेवलंय.

देवबापा, आपलं मिटलेलं नाही. तरी बस इथं, कॉटवर जागा आहे. मी वाचतो, तू पण ऐक. आणि ती म्हणाली, सुन्या हे आधी का नाही वाचलंस, तर मी तिला सांगणार, मला नीट वाचता येत नव्हतं म्हणून गाळलं, तुझा इस्वास कमी पडला नाही.