दादा वॉर्डातून पळाला, त्याबद्दल

मुलुंड, गुरुवार

सौ. रत्नप्रभावहिनींना शुभाचा नमस्कार.

तिकडे सारे ठीक असेल, असे लिहायची पद्धत आहे. पण माझा सख्खा भाऊ हर्नियाच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी हॉस्पिटलच्या हिरव्या गाऊनमध्ये रिक्षाने घाटकोपरला तुमच्याकडे येऊन बसलाय, तेव्हा ठीक कसले! तुमचे ब्लडप्रेशर कसे आहे? (पापड बंद करा. पापड म्हणजे मीठच.)

झाले ते असे. आमच्या वॉर्डातल्या सिस्टर्स केरळच्या, मणिपूरच्या, गुजराती, मालवणी. ड्युटी बदलताना प्रत्येक खाटेपाशी उभे राहून पेशंटची माहिती पुढच्या सिस्टरला द्यायची असते. त्यात चार भाषांची भेळ व्हायची आणि माझे डोके उठायचे. मेट्रन मी, म्हणून नियमही मीच काढला: खाटेपाशी फक्त इंग्रजी. (मला वाटले, शिस्त आली. आली ती शांतता.) केरळची शिजी दादाला रोज दटावायची, "काका, घाबरता कशाला? छोटा ऑपरेशन, मी आहे ना!" त्या संध्याकाळी तीच शिजी त्याच्या पायथ्याशी उभी राहून, गंभीर चेहऱ्याने, इंग्रजीत माहिती देऊ लागली. दादाकडे तिने पाहिलेसुद्धा नाही, कारण मागे मी उभी होते.

आपल्या घरात आजाऱ्यासमोर इंग्रजी कधी निघते, वहिनी? बाबांच्या शेवटच्या दिवसांत, त्यांना कळू नये म्हणून, त्यांच्या उशाशी आपण सगळे इंग्रजीच बोलत होतो. दादाला तेच आठवले. शेजारच्या खाटेवरच्या हर्षदभाईंना त्याने मनगटावरचे घड्याळ देऊन टाकले (मी ते परत घेतले आहे), "मरायचं तर घरी मरेन," म्हणाला आणि निघाला. हसू येते, पण हर्निया अडकला तर कोणालाच हसू येणार नाही. त्याच्या रिकाम्या खाटेची चादर बदलताना शिजी रडली. मी मागेच होते, पुढे होऊन चादरीचे दुसरे टोक धरले.

तुमची,
शुभा

ता. क. नियम आजच रद्द केला. सोमवारी दादाला घेऊन या. माझा फोन तो उचलत नाही, म्हणून हे पत्र त्याला मोठ्याने वाचून दाखवा.

आणखी एक ता. क. ऑपरेशनच्या वेळी दादा जागाच असेल, भूल कमरेखालीच देतात. डॉक्टर तिथे इंग्रजीशिवाय काही बोलत नाहीत. म्हणून शिजीला त्याच्या उशाशी बसवणार आहे, नुसती बडबडायला. एवढे मात्र वाचून दाखवू नका.