चार हजार सहाशे लगडी

४ मार्च, मंगळवार

भट्टीने माझं अर्धं लोखंड खाल्लं! तीस खनिजं टाकली, चौदा लगडी निघाल्या. बाकीची सोळा गायब. ना राख, ना मळी!

धाकटी फोनवर हसत सुटली. "ताई, या गेममध्ये लोखंड असंच आहे. निम्मं फुकट जातं. मन रमावं म्हणून दिलाय तुला, डोकं फोडायला नाही."

मन रमवायला! आठ वर्षं फाउंड्रीच्या ऑफिसात कॉस्टिंग केलंय मी. भट्टी दिसली की आधी मला घट दिसते. आणि घट दिसली की जे आठवतं ते लिहायला नको.

५ मार्च

लिहितेच. इथे कोण वाचतंय?

गेल्या जुलैत एका मोठ्या कोटेशनमध्ये माझ्याकडून घट धरायची राहिली, म्हणजे वितळताना जळून जाणारा माल. एक ओळ फक्त! कंपनीला तोट्यात माल द्यावा लागला आणि मला घरी बसावं लागलं. तेही पचवलं असतं. पण अण्णा! माझे सख्खे वडील, त्याच फाउंड्रीत तीस वर्षं भट्टीचे फोरमन. रिटायर झालेल्या माणसाला साहेबांनी मुद्दाम बोलावून विचारलं, तर सगळ्यांसमोर म्हणाले, "चूक तिचीच आहे. घट धरली नाही." बस्स. एवढंच बोलले आणि टोपी घालून निघून गेले.

त्या दिवसापासून आमचं बोलणं नाही. आठ महिने झाले. धाकटी त्यांच्याजवळ राहते. इकडचे निरोप तिकडे तिने पोचवायचे असं ठरलंय. पण मी पाठवत नाही, ते पाठवत नाहीत, त्यामुळे तिला काम तसं कमीच.

७ मार्च, शुक्रवार

आज वहीत रकाने पाडले. किती दिवसांनी! हात शिवशिवत होते.

लोखंडाचं खनिज चाळीस नाण्यांना. निम्मं जळतं, म्हणजे एका लगडीला ऐंशी पडले. पोलादाला एक खनिज आणि दोन कोळसे, एकशे पन्नास. महाग, म्हणून सगळे लोखंडामागे. पण पोलादात घट शून्य! पिशवीत तीस नग मावतात. एका फेरीत लोखंडाच्या पंधरा लगडी निघतात, पोलादाच्या दहा. अनुभवाचे गुण दोन्हीकडे एकशे ऐंशी. आणि वेळ? लोखंडाला चार मिनिटं, पोलादाला दोन! म्हणजे त्याच तासात दुप्पट अनुभव. ही गोष्ट तिथे कुणाच्या डोक्यात आलेली नाही. सगळे चाळीस नाणी बघतात आणि हुरळतात.

बाजारात पोलादाची लगड एकशे त्रेसष्टला जाते. मी दरवाज्याजवळची जागा हेरून दुकान मांडलं, "भट्टीवाली" अशी पाटी लावली आणि बघू तरी म्हणून भाव लावला एकशे बहात्तर. तासाभरात चाळीसच्या चाळीस संपल्या! कोण नेतं ते दुकान सांगत नाही, नुसता "विकले" असा आकडा येतो. येईना का! जागेला किंमत असते ती अशी.

८ मार्च

योजना पक्की. लगडीमागे नफा बावीस, अनुभव अठरा. कालच्या चाळीस धरून चार हजार सहाशे लगडी झाल्या की नफा एक लाखावर आणि अनुभव ब्याऐंशी हजार, म्हणजे लेव्हल साठ, "उस्ताद". तासाला तीनशे, रोज एक तास. सोळा दिवस.

मग हा तक्ता छापून धाकटीच्या हाती अण्णांना द्यायचा. खाली एकच ओळ लिहायची: घट धरली आहे. त्यांनी नुसतं वाचावं. मला हिशेब येतो एवढं त्यांच्या तोंडून निघालं पाहिजे, मग ते धाकटीसमोर निघालं तरी चालेल.

११ मार्च

दूध उतू गेलं. चालत्या भट्टीला पाठ दाखवायची नाही, ही आमच्या घरची शिस्त. गॅस पुसायला पंधरा मिनिटं लागली. तक्त्यात "इतर नुकसान" असा रकाना वाढवला.

१४ मार्च

भट्टीजवळ एकाने विचारलं, पोलाद कशाला, लोखंड स्वस्त पडतं की. त्याला सगळा हिशेब टाइप करून समजावला. वीस मिनिटं! शेवटी म्हणाला, "तुम्ही शाळेत शिकवता का?" आणि पोलादाकडे वळला. दिवसभर आरशात बघून हसत होते. आपली पाठ आपणच थोपटावी लागते, दुसरं कोण येणार आहे इथे वरच्या मजल्यावर!

१९ मार्च

साडेतीन हजार पार. मांडलं की खपतं. भाव एका नाण्यानेही उतरवलेला नाही. शेजारचे दुकानदार एकशे त्रेसष्टला माश्या मारतायत आणि माझी फळी रिकामी! दुधाने तोंड पोळलेलं आहे, म्हणून ताकही फुंकून पिते. रोज सगळी बेरीज दोनदा तपासते. चूक नाही.

२३ मार्च, रविवार

उस्ताद!! सोळाव्या दिवशी, ठरल्याप्रमाणे. नफा एक लाख एक हजार दोनशे. कोपऱ्यावरच्या दुकानातून तक्ता छापून आणला, चांगल्या जाड कागदावर. आठ महिन्यांत पहिल्यांदा जिना ताठ मानेने चढले.

२४ मार्च

धाकटीचा फोन. मी तक्त्याचं सांगणार, तर तिचीच घाई. "ताई, गेममधलं कोठार मोठं कसं करायचं गं? अण्णांचं भरलंय."

कुणाचं?

मग बोलून गेली सगळं. पहिल्या दिवशी तिनेच त्यांना माझं दुकान दाखवलं. तेव्हापासून अण्णा सकाळ-संध्याकाळ त्या गेममधल्या नदीवर मासे पकडतात, विकतात आणि माझ्या लगडी घेतात. चार हजार पाचशे अठ्ठ्याऐंशी! एकही वापरलेली नाही. रचून ठेवल्यात.

म्हणजे खरं गिऱ्हाईक बारा लगडींचं! उस्ताद म्हणे! घट धरली, वेळ धरला, आणि विकत कोण घेतंय हे पाहिलंच नाही. फोन आपटला. तक्ता फाडणार होते. कागद जाड निघाला, फाटेना.

२५ मार्च

रागाच्या भरात हिशेब पुन्हा मांडला, बाजारभावाने, एकशे त्रेसष्टने. लगडीला तेरा. एकोणसाठ हजार आठशे. अनुभव तेवढाच. फायदा आहे! लाख नाही, पण आहे, आणि तो माझा आहे.

मग धाकटीला फोन केला. विचारायचं नव्हतं तरी विचारलं, घेताना काय म्हणायचे?

"पहिल्या दिवशीच म्हणाले, नऊ नाणी जास्त लावलीत तिने. लावू दे. पण लोखंड सोडून पोलाद धरलं बघ, म्हणजे घट बघूनच बसलीय. मी शिकवलं नव्हतं हे तिला." मग म्हणाली, "आणि ताई, शेजारपाजारच्या सगळ्यांना दाखवतात. ही माझ्या मुलीची भट्टी म्हणून."

खूप रडले. लिहायला लाज नाही.

२६ मार्च

आज भट्टी पेटवली नाही. नदीवर गेले. अण्णा काठावर पाठमोरे उभे होते. शेजारी जाऊन उभी राहिले. ते एका बोटाने टाइप करतात. मग पडद्यावर आलं: "गळ आहे का?"

मी लिहिलं, "नाही."

त्यांनी हातातला दिला.