सातव्या भागातली विहीर

४ फेब्रुवारी

ती. वहिनींस,
सा. न. वि. वि.

तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून कागद हाती घेतला. गुडघा कसा आहे? शिवणयंत्र पायाने चालवणं आता तरी सोडा.

आनंदाची बातमी आहे. आपल्या ‘अंधारकोट’ या व्हिडिओ गेमची कंपनी शेवटी नमली! आठव्या भागात त्यांनी तो सोनेरी बाण आणला, खेळणाऱ्याचं बोट धरून त्याला दारापर्यंत नेणारा, तेव्हापासून चाहत्यांत दोन तट पडले होते. नववा भाग जुन्या पद्धतीने करावा असं आता त्यांच्या मनात आहे. म्हणजे नकाशा आयता मिळणार नाही, ज्याने त्याने चौकटीच्या वहीत आपला आपण काढायचा. त्यात काय गंमत आहे, हे दाखवायला त्यांनी मला बोलावलं आहे. तीनशे चाहत्यांसमोर मी माझ्या नकाशांवरून सातव्या भागाचं तळघर खेळून दाखवायचं आहे.

दादाच्या सहा वह्या माझ्याकडे आहेत, सातवी तुमच्याकडे राहिली. ती पाठवावी. आज दादा हवा होता.

लोभ असाच राहू द्या, आणि वही रजिस्टर पोस्टाने येऊ द्या.

आपला धाकटा दीर

७ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

भाऊजींचं पत्र सोबत ठेवलं आहे. ‘माझ्या नकाशांवरून’ या शब्दांखाली मी रेघ मारली आहे, ती बघ.

तुला सगळं ठाऊक नाही. बाण आला तेव्हा ह्यांनी चाहत्यांच्या ग्रुपवर लिहिलं की बाण असला की माणूस कोट बघत नाही, नुसता बाण बघतो. एवढंच लिहिलं. दिवसभर लिफ्टच्या शाफ्टमध्ये उतरून तारा ओढणारा माणूस, संध्याकाळी वही उघडली की त्यांचा शीण जायचा. ग्रुपचे ॲडमिन भाऊजी, आणि तेव्हा ते बाणाचे भक्त. त्यांनी सगळ्यांदेखत उत्तर दिलं की काही म्हाताऱ्यांना आयुष्यात कुठे पोचायचंच नसतं, म्हणून ते पायऱ्या मोजत बसतात. दोनशे जण हसले. मग भाऊजींनी ह्यांना ग्रुपमधून काढून टाकलं. सख्ख्या भावाने. हे त्यानंतर नऊ महिने होते. वहीला हात लावला नाही.

हे गेल्यावर भाऊजी आठवण म्हणून सहा वह्या घेऊन गेले. आता वारं फिरलं, तसे भाऊजीही फिरले. त्याच वह्यांचे फोटो आपले म्हणून ग्रुपवर टाकतात, कोपऱ्यातली ह्यांची सही अंगठ्याखाली झाकून. मला कसं कळलं म्हणशील, तर मी ‘सुईदोरा’ नावाने त्या ग्रुपमध्ये आहे.

वही मी पाठवणार. पण तिच्यातलं एक पान मी बेतणार आहे. तुझी चौथी शिकलेली बहीण गेलं वर्षभर तो खेळ खेळते आहे, भिंतींवरच्या पाट्या बोट ठेवून वाचत. सातव्या भागाच्या तळघरात तिसऱ्या वळणावर दोन जिने आहेत. डावा वर जातो, उजवा विहिरीत संपतो. तिथून वाट नाही. ज्याने ते तळघर एकदा स्वतः तुडवलं आहे, तो मेला तरी उजवीकडे वळणार नाही. ज्याने नुसती दुसऱ्याची वही मारली, तो कागद सांगेल तिकडे जाईल.

मला त्यांची माफी नको, ताई. वह्यांवर ह्यांचं नाव हवं, आणि ते लागताना भाऊजींचं तोंड मला बघायचं आहे.

लोभ आहे म्हणून तर तुला लिहिते.

तुझी धाकटी

११ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

पत्र वाचून मी आधी हसले आणि मग दाराला कडी घातली, कुणी ऐकेल म्हणून. तू लहानपणी माझी बाहुली पळवणाऱ्या मुलीच्या दप्तरात मुंग्या सोडल्या होत्यास. तेव्हाही मी आईला सांगितलं नाही, आताही सांगणार नाही.

तुझे मेहुणे म्हणाले की झालं गेलं सोडून द्यावं. मी त्यांना म्हटलं, तुमच्या भावाने तुमच्यावर दोनशे माणसं हसवली असती तर बोलला असतात का असं? ते पेपर उघडून बसले.

माझं एकच सांगणं आहे. त्यांच्या हातच्या पानावर खोडाखोड करू नकोस. भाऊजींची खोड मोडेल, पण पान परत मिळणार नाही.

माया आहेच. कसं झालं ते कळव, नाहीतर मीच येते.

तुझी ताई

१४ फेब्रुवारी

श्री. भाऊजींस,
सा. न. वि. वि.

वही पाठवली आहे. तळघराचं पान शिवणीतून सुटलं होतं, म्हणून ते माझ्याकडे ठेवून त्याची नक्कल दिली आहे. कापडावर नमुना उतरवते तशीच ट्रेसिंग कागदावर उतरवली. बाईमाणसाचं काम, कुठे चुकलं असेल. कार्यक्रमाआधी एकदा स्वतः खेळून ताडून बघा. तुम्हाला तर सगळं पाठ असेल म्हणा.

मीही येणार आहे. मागच्या रांगेत बसेन. लोभ असू द्यावा.

आपली वहिनी

२ मार्च

वहिनींस,
नमस्कार.

तुम्ही हे मुद्दाम केलंत. मी उजव्या जिन्याने उतरलो आणि तीनशे जणांसमोर विहिरीत पडलो. एकजण ओरडला की नकाशा ह्यानेच काढला असेल तर ह्याला विहीर कशी माहीत नाही. कंपनीच्या बाईंनी मला विचारलं की हे पान कधी काढलंत. तेवढ्यात तुम्ही मागून उठून आलात, माझ्या हातातला कंट्रोलर घेतलात आणि डाव्या जिन्याने अकरा मिनिटांत वर पोचलात. मला वाटलं, वहिनीने सांभाळून घेतलं. मग तुम्ही मूळ पान काढलंत आणि दादाची सही सगळ्यांना दाखवलीत.

नवव्या भागासोबत नमुना म्हणून दादाचे जुने नकाशे त्याच्या नावाने येणार आहेत. मला ग्रुपमधून काढलं. झालं समाधान?

एक गोष्ट दादालाही कधी सांगितली नव्हती. लहानपणी वही तो धरायचा, मी नुसती बटणं दाबायचो. मला नकाशा कधी काढताच आला नाही. बाण आला तेव्हा जन्मात पहिल्यांदा मी एक भाग त्याच्याशिवाय संपवला. आणि तोच म्हणाला की बाण वाईट.

बावीस वर्षं मी त्या ग्रुपमध्ये होतो. तिथे तुमचं ऐकतात. माझ्यासाठी शब्द टाकावा. लोभाची आशा ठेवून आहे.

धाकटा

७ मार्च

भाऊजींस,
सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. बाणाचं तुम्ही लिहिलंत ते खरं आहे, मला पटलं. हे तुम्ही त्यांना सांगितलं असतंत, तर त्यांनी बाणाविरुद्ध पुन्हा एक अक्षर लिहिलं नसतं. त्यांचा स्वभाव तुम्हाला माझ्याआधीपासून ठाऊक. पण भावाशी बोलायचं ते तुम्ही दोनशे परक्यांना ऐकवलंत.

समाधान झालं का विचारता. तुमचं तोंड पडलेलं बघून झालं. बसमधून घरी पोचेपर्यंत ते टिकलं. कुलूप उघडलं आणि सांगायला घरात कुणी नव्हतं.

तरी शब्द टाकणार नाही. ग्रुपने मला ॲडमिन केलं आहे, आणि तुम्हाला नऊ महिने बाहेर ठेवायचं मी ठरवलं आहे. ते जितके बसले तितके. काय वाटतं ते तुम्हाला कळू दे. वह्या या आठवड्यात परत आल्या पाहिजेत, सगळ्या सातही.

आठवा भाग त्यांनी शेवटपर्यंत खेळला नाही, म्हणून मी सुरू केला आहे. बाण बंद करता येत नाही. स्क्रीनच्या त्या कोपऱ्यावर मी अस्तराचा तुकडा चिकटवला आहे आणि वहीत चौकटी भरते आहे.

सात डिसेंबरला सकाळी मी स्वतः तुम्हाला आत घेईन. येताना चौकटीची कोरी वही आणा. काढायला मी शिकवीन, आणि चुकलात तर सगळ्यांदेखत सांगेन.

तोवर लोभ मागू नये.

वहिनी